तीन पंचमांशाचं गणित

नमस्कार मंडळी. आज जरा पोरांच्या सिव्हिक्सबद्दल, म्हणजे नागरिकशास्त्राबद्दल बोलूया. अमेरिकेतल्या आपल्या घरांमधे हा विषय म्हणजे निव्वळ पाठांतर, कारण आपण स्वतः सिटिझनशिपच्या टेस्टला तेच केलं, शंभर प्रश्न ऑफिसला जाता-येता घोकले आणि शपथ झाली की विसरलो. मुलांचंही तसंच. चार जुलै १७७६, जेफरसन, वॉशिंग्टन, तेरा कॉलन्या, संपला विषय.

मी शनिवारी सातवी-आठवीची मुलं घेते, तिथे सरळ १७८७ चा फिलाडेल्फियातला उन्हाळा काढते. राज्यघटना लिहायला ५५ लोक जमलेले, आतलं बाहेर फुटू नये म्हणून दारं-खिडक्या बंद, ऱ्होड आयलंड या राज्याने तर माणूसच पाठवला नाही, आणि भांडण कशावरून, तर काँग्रेसमधे, म्हणजे इथल्या संसदेत, कुठल्या राज्याच्या किती जागा. डेलावेअर म्हणतंय सगळ्यांना सारख्या, व्हर्जिनिया म्हणतंय आमची माणसं जास्त तर जागाही जास्त. शेवटी तोड निघाली, संसदेची दोन सभागृहं, सिनेटमधे सारख्या, हाऊसमधे लोकसंख्येप्रमाणे. इथपर्यंत पोरं खूश, फेअर आहे म्हणतात.

मग मी विचारते, लोकसंख्येत कोण कोण धरायचं?

फळ्यावर १७९० च्या पहिल्या सेन्ससचे आकडे लिहिते. डेलावेअर साठ हजारांच्या आत, व्हर्जिनिया साधारण साडेसात लाख, आणि त्यातले तीन लाखांच्या आसपास गुलाम. आता सांगा, गुलामांना पूर्ण मोजा असं कोण म्हणालं असेल? सगळे एका सुरात, नॉर्थवाले, म्हणजे उत्तरेकडची राज्यं! कारण ते गुलामीच्या विरोधातले, चांगले ना. आणि असतं बरोबर उलटं, पूर्ण मोजा म्हणून गुलामांचे मालकच अडून बसलेले, गुलामांना मत द्यायचा प्रश्नच नाही, फक्त त्यांची डोकी दाखवून आपल्या जागा वाढवायच्या. नॉर्थचे बरेच जण म्हणत होते मुळीच धरू नका. मिटलं कुठे, तर पाचातले तीन. मग वहीत गणित, तीन लाखांचे तीन पंचमांश, एक लाख ऐंशी हजार, आणि हे लोक असे की ज्यांचा स्वतःच्या पोरांवरही हक्क नाही.

त्यानंतर वर्गात जो कल्ला होतो! कोणी म्हणतं मग सह्या केल्याच कशाला, कोणी म्हणतं नसत्या केल्या तर देश फुटला असता. मी मधे पडत नाही. फक्त सांगते की ३९ जणांनी सही केली आणि शेवटच्या दिवशी तिथे हजर असून तिघांनी नाही केली. त्यातल्या जॉर्ज मेसनची एक तक्रार अशी की यात नागरिकांच्या हक्कांची यादीच नाही, ती पुढे १७९१ मधे आली, आणि हा मेसन स्वतः गुलाम बाळगून होता, घ्या!

काही पालक म्हणतात एवढं कशाला सांगता, मुलांना या देशाबद्दल आदर राहणार नाही. मला नाही तसं वाटत. आपल्या जोतीरावांनी पुण्यात बसून १८७३ मधे ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामी बंद करणाऱ्या लोकांना. गुलामी काय चीज असते हे पुरतं माहीत होतं, म्हणूनच ना ती अर्पणपत्रिका.

१७ सप्टेंबरला कॉन्स्टिट्यूशन डे असतो, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना त्यासाठी काहीतरी करावंच लागतं, बऱ्याचदा एखादी क्विझ घेऊन भागवतात. त्या दिवशी जेवणं झाली की हे आकडे मुलांसमोर ठेवा आणि कोण काय म्हणालं असेल ते आधी ओळखायला लावा. उत्तर लगेच सांगू नका हं.