गरीब आहे, पण होतकरू नाही

(लंडनमधील मराठी मंडळाच्या नाताळ मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

अध्यक्षताई, कार्यकारिणीतले सगळे आणि मंडळी,

नाताळ आहे म्हणून येशूवर चार शब्द बोला, असं सांगून मला इथे उभं केलंय. लेकीकडे राहायला आलेल्या आईला लोक कुठेही उभं करतात. मी नागपूरची, सदरमधली. जन्मभर शाळेत शिकवलं आणि रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घेतलं. त्यामुळे प्रवचनाची सवय नाही, पोट्ट्यांना दटावायची आहे. सांभाळून घ्या.

मघाशी खजिनदारभाऊंनी शिष्यवृत्तीचा हिशेब वाचला. गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी, दहावीला किमान ७५ टक्के. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. इतक्या लांब राहून गावाकडच्या पोरांची आठवण ठेवता, याचं कौतुकच आहे. पण मला बोलायचंय ते त्या ७५ टक्क्यांवरच.

बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एक प्रसंग आहे. शिष्य वाटेने भांडत आलेत, आपल्यात मोठा कोण यावरून. येशू एका मुलाला आणून त्यांच्या मधोमध उभं करतो, त्याला कवेत घेतो आणि सांगतो, अशा एका लेकराला जवळ करणारा मला जवळ करतो. त्या मुलाचं नाव मार्काने दिलेलं नाही. ते हुशार होतं का, कोणाचं होतं, पुढे त्याचं काय झालं, एक अक्षर नाही. पुढच्याच अध्यायात लोक लेकरं घेऊन येतात, शिष्य त्यांना हाकलायला बघतात आणि येशू शिष्यांवर चांगलाच संतापतो.

आमच्याकडे यावर उपदेश ठरलेला: मुलांसारखं निरागस व्हा. ज्या बाईने पन्नास पोरांचा वर्ग सांभाळलाय तिला निरागसपणाचं सांगू नये! माझ्या मते मुद्दा वेगळा आहे. त्या काळी लेकराला कसला म्हणून हक्क नव्हता, आणि नेमकं त्यालाच त्याने मध्ये आणलं.

हक्क नव्हता म्हणजे किती नव्हता? इजिप्तच्या वाळूत सापडलेलं एक पत्र आहे, इसवी सनापूर्वी १ या वर्षाचं. हिलारिऑन नावाचा माणूस कामासाठी अलेक्झांड्रियाला गेलाय आणि घरी बायकोला, अलिसला, लिहितोय. काळजी करू नकोस, धाकट्याला जप, पगार हातात पडला की लगेच पाठवतो. आणि तू 'मला विसरू नकोस' असा निरोप धाडलास, मी तुला कसा विसरेन? इथे बसलेल्यांपैकी कितीजणांनी असंच काहीतरी घरी लिहिलं असेल. त्याच पत्रात एक ओळ आहे: बाळंत झालीस आणि मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे.

हा राक्षस नव्हता हो. बायकोवर जीव असलेला, घरी पैसे धाडणारा साधा माणूस होता. नकोसं मूल उकिरड्यावर ठेवणं तिथे रीतीतलंच होतं. ज्यू लोक मात्र ते पाप मानत आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांनी ते त्यांच्याकडूनच घेतलं. मूल टाकायचं नाही, मारायचं नाही. रोमन साम्राज्यात बालहत्येविरुद्ध कायदा व्हायला ३७४ साल उजाडावं लागलं.

आणि आपण फार नाकं मुरडू नयेत. २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. त्याच वर्षी साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या मुली हुडकून त्यांची नावं बदलण्याचा कार्यक्रम घ्यावा लागला. शाळेच्या हजेरीपटावर 'नकुशी'! हजेरी घेताना बाई रोज ते नाव पुकारणार आणि पोरगी 'हजर' म्हणणार.

आता माझ्या घरचं. १८९६-९७ चा दुष्काळ आमच्या मध्य प्रांतात भयंकर होता. पंडिता रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आधीच्या एका दुष्काळात अन्नावाचून गेलेले. त्या पुण्याकडून मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. तिथे अंध मुलींसाठीही वर्ग होता, त्यांची लेक मनोरमा ब्रेल शिकवायची. दुष्काळात पोरं गोळा करताना त्यांनी कोणाची परीक्षा घेतली नव्हती.

माझी पणजी तशीच, पण दुसऱ्या एका मिशनच्या बोर्डिंगात आलेली. तिला आपलं वय ठाऊक नव्हतं. गावाचं नाव ती प्रत्येक वेळी वेगळं सांगायची, असं आजी म्हणे. आम्हाला लहानपणी वाड्यातली पोरं चिडवायची, तुम्ही तांदळासाठी बाटले. मी घरी येऊन रडले तर आजी ताट वाढता वाढता म्हणाली, "खाल्ली बापा भाकर. नसती खाल्ली तर तू चिडायले तरी राहिली असतीस का?" मिशनऱ्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. भुकेल्याला घास देताना त्याच्या धर्माकडे डोळा ठेवू नये, हे मी चर्चमध्येही बोलले आहे आणि तिथे काहींना ते रुचलेलं नाही.

जगाची स्थिती थोडक्यात सांगते, कारण आकडे तुमच्या फोनवर आहेतच. जागतिक बँकेने २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा माणशी रोज ३ डॉलर केली. हे तीन डॉलर बाजारभावाने रुपयांत मोडायचे नसतात. अमेरिकेत तेवढ्यात जे मिळेल तितकंच आपापल्या देशात ज्याच्या वाट्याला येतं, त्याचा हा हिशेब आहे. त्या रेषेखाली सुमारे ८० कोटी माणसं आहेत. कामाला जुंपलेली मुलं २००० साली साडेचोवीस कोटींच्या आसपास होती, २०२४ मध्ये १३ कोटी ८० लाख. म्हणजे पुष्कळ कमी झाली. पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं १९९० मध्ये सव्वा कोटीच्या वर होती, २०२२ मध्ये ती पहिल्यांदाच ५० लाखांच्या खाली आली. 'जग बिघडतच चाललंय' असं म्हणत सोफ्यावर बसणाऱ्यांची त्यामुळे जरा अडचण होते.

काम करणाऱ्या या मुलांत दहातली सहा शेतीत आहेत. आमच्या नागपूर जिल्ह्यात भिवापूरची मिरची नावाजलेली. तिकडे सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवून निवडतात तिथे, बाया देठ खुडायला बसतात, किलोवर मजुरी. आईबरोबर एखादं पोरही बसतं, तेवढाच एक किलो जास्त. तिकडून शहरात आलेली एक मुलगी माझ्या संध्याकाळच्या वर्गात होती. मागे आईबरोबर मिरचीवर गेली की काय व्हायचं, ते तिने मला सांगितलं. बोटांच्या टोकांना आग लागते, ती पाण्याने जात नाही, तेलाने थोडी जाते. रात्री झोपेत चुकून डोळ्याला हात लागू नये म्हणून आई तिच्या हातांना फडकं गुंडाळायची. या मुलीला पाढे कधी आले नाहीत. दहावीला दोनदा बसली, सोडून दिलं. लग्न झालं, दोन मुलं आहेत, चार घरी पोळ्या करते.

दर वेळी हे सांगितलं की लोक वाट बघतात, पुढे? नर्स झाली? अधिकारी झाली? नाही झाली. अहवालात छापण्याजोगं तिच्याकडे काहीही नाही. तिच्या हातांची आग मात्र ७५ टक्केवाल्यांच्या हातांइतकीच खरी होती. उद्या मोठं होऊन नाव काढेल म्हणून पोराला जेवू घालायचं असेल, तर त्याला व्यवहार म्हणा, माझी हरकत नाही, पण मग त्याला येशूचं नाव लावू नका.

इथे लंडनमध्येच घडलेलं सांगते. पहिलं महायुद्ध संपलं तरी जर्मनी-ऑस्ट्रियाची नाकेबंदी उठली नव्हती आणि तिथली मुलं उपासमारीने मरत होती. एग्लंटाइन जेब नावाच्या बाईने १९१९ मध्ये तुमच्या ट्रॅफल्गर चौकात त्या मुलांच्या फोटोची पत्रकं वाटली. शत्रूची पोरं! बाईंना अटक झाली, पाच पौंड दंड झाला. गंमत अशी की दंडाचे पाच पौंड सरकारी वकिलाने आपल्या खिशातून देऊ केले. 'सेव्ह द चिल्ड्रन' त्यातून उभी राहिली. पुढे त्यांनी मुलांच्या हक्कांचा एक छोटा जाहीरनामा लिहिला, तो १९२४ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रसंघाने, म्हणजे लीग ऑफ नेशन्सने, स्वीकारला. भुकेल्या मुलाला अन्न मिळावं, आजाऱ्याची शुश्रूषा व्हावी, हे त्यात आहेच. पण मागे पडलेल्या मुलाला मदत मिळावी आणि वाट चुकलेल्याला परत आणावं, हेही आहे. मास्तरीण म्हणून मला ती दोन कलमं फार जवळची वाटतात. उपाशी पोराची दया सगळ्यांना येते. नापास झालेल्या, चोरी करताना सापडलेल्या पोराची कोणाला येते?

आमच्या विदर्भातलं एक उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं: नवजात बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसे मोजायचे, न्यूमोनिया कसा ओळखायचा. १९९९ मध्ये त्यांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. ज्याचं अजून बारसंही झालेलं नाही, ते बाळ होतकरू आहे की नाही हे कोण ठरवणार? तरी एक बाई रात्री उठून त्याच्याकडे जाते.

पैसे पाठवण्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्यातल्या ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे, त्यांनी आपल्या कमाईतून दिलेली देणगी कायद्याने परदेशी धरली जात नाही. ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय, त्यांची धरली जाते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असावी लागते आणि पैसा तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावा लागतो. भावाच्या खात्यावर टाकून 'संस्थेला दे' म्हणणं बंद करा. त्यात भाऊही अडकतो आणि संस्थाही.

आणि शिष्यवृत्तीबद्दल. सगळी रक्कम नको, तिसरा हिस्सा तरी गुणांच्या अटीविना ठेवा. खजिनदारभाऊ विचारतील, मग निवडायचं कसं? ज्या शाळांशी मंडळाचा संबंध आहे तिथल्या बाईंना विचारा, दिवाळीच्या सुट्टीनंतर कोणती पोरं परत आली नाहीत. गुणपत्रिकेशिवायही ती नावं त्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्याकडून यादी घ्या, फी आणि बसचे पैसे थेट शाळेत भरा, आणि त्या पोरांचे फोटो अहवालात छापू नका. जेबबाईंनी छापले होते, मान्य, पण तिथे मुलं मरत होती आणि लोकांचा विश्वास बसत नव्हता. आपली पोरं उद्या त्याच शाळेत बाकावर बसणार आहेत, आणि अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत त्यांच्या वर्गापर्यंत पोचतो.

जानेवारीच्या सभेत हा विषय घ्या. मी फेब्रुवारीपर्यंत लेकीकडेच आहे. वाद घालायचा असेल त्यांनी घरी या, नागपूरहून आणलेली संत्रा बर्फी अजून शिल्लक आहे.