शेवटच्या १२८ बाइटांतलं नाव

(दृश्य: तालुक्याच्या गावातला एसटी स्टँड. समोर मोबाइलचं छोटं दुकान, काउंटरवर जुना संगणक आणि कार्ड रीडर.)

२०१० च्या आसपास तालुक्याला एसटीतून उतरलं की समोर हमखास एक पाटी दिसायची : ‘मोबाइल रिपेअरिंग, रिचार्ज, गाणी भरून मिळतील.’ बाजाराला किंवा कचेरीच्या कामाला आलेला माणूस फोनमधलं नखाएवढं मेमरी कार्ड काढून काउंटरवर ठेवायचा. “भरून ठेवा, जाताना नेतो.” कुठली गाणी, हे फार सांगावं लागत नसे. संगणकावर फोल्डर तयारच असायचे. भीमगीतं, कोळीगीतं, लावण्या, हरिपाठ, हळदीची गाणी. पाच मिनिटांचं एमपीथ्री गाणं साधारण पाच एमबीचं, म्हणजे दोन जीबीच्या कार्डात चारशेच्या आसपास गाणी. संध्याकाळी पारावर तीच गाणी ब्लूटूथनं एका फोनमधून दुसऱ्यात जायची. दोन फोन एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि कुणी हलायचं नाही. फोन चिकटवायची गरज नसायची, पण सगळे चिकटवायचे.

ज्या गायकांची कॅसेट कधी जिल्ह्याबाहेर गेली नसती, त्यांचा आवाज या वाटेनं चार जिल्हे ओलांडून गेला. याचं मोल मी कमी मानत नाही. पण त्यातल्या बऱ्याच कलावंतांना एक पैसाही मिळाला नाही. पैशांच्या नुकसानीबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे, आणि ते रास्तच आहे. आज बोलायचंय ते दुसऱ्या नुकसानीबद्दल. गाणं पोचलं, नाव गळलं.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर फाइलींची यादी. ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’, ‘न्यू साँग’, ‘अननोन आर्टिस्ट’.)

एमपीथ्री फाइलीत सुरुवातीला फक्त आवाज होता. गाणं कुणाचं, हे लिहायला जागाच नव्हती. १९९६ साली एरिक केम्प नावाच्या प्रोग्रामरनं एक सोपी युक्ती काढली. फाइलीच्या अगदी शेवटी त्यानं १२८ बाइटांची एक पट्टी जोडली. बाइट म्हणजे साधारण एका रोमन अक्षराची जागा. पहिले तीन बाइट ‘टॅग’ या शब्दाचे. मग गाण्याच्या नावाला तीस, गायकाला तीस, अल्बमला तीस, सालाला चार, शेऱ्याला तीस आणि गाण्याच्या प्रकाराला एक. तिला आयडीथ्री टॅग म्हणतात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो. नाव, आणि तेही शेवटी? ही रीत तर आपली आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ येतं, ‘नामा म्हणे’ येतं, ‘एका जनार्दनी’ येतं. छापखाने नव्हते तेव्हा अभंग तोंडातोंडी आणि बाडाबाडांतून फिरत होते. कोण कुणाचं उतरवून घेतोय, यावर कुणाचा ताबा नव्हता. तरी नाव टिकलं, कारण ते चालीत विणलेलं होतं. काढायला गेलात तर चरण लंगडा होतो. शेवटी गुंफलेल्या या नावालाही, म्हणजे नाममुद्रेलाही, फसवता येत होतं. इतरांनी रचलेले अभंग तुकोबांच्या मुद्रेनं फिरलेच. पण नाव कोरंच राहिलंय असं सहसा झालं नाही.

हीच रीत पुढे शाहिरांनी उचलली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक. त्यांची गाणी गावोगावच्या गायन पार्ट्यांनी गायली, कॅसेटवर आली, मेमरी कार्डात भरली गेली. फाइलीवर नाव काहीही असो, शेवटच्या कडव्यात ‘वामन’ आला की ऐकणाऱ्याला गाण्याचा धनी कळतो.

फाइलीच्या शेपटीला लावलेल्या पट्टीचं मात्र तसं नव्हतं. ती आवाजात विणलेली नव्हती, नुसती चिकटवलेली होती. त्यात ती धरली होती रोमन लिपीसाठी. आज देवनागरी साठवायची जी रूढ पद्धत आहे, तिच्यात आपल्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. मी मोजून पाहिलं : ‘ज्ञानेश्वर’ एवढा एक शब्द लिहिला की तीस बाइट संपतात. ‘महाराज’ लिहायला जागा उरत नाही. १९९८ मध्ये या टॅगची नवी, ऐसपैस आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीही बसू लागली. पण भरणार कोण? गाणी फुकट उतरवून देणाऱ्या कितीतरी साइटींनी गायकाच्या रकान्यात स्वतःचाच पत्ता टाकला.

(दृश्य: कायद्याच्या पुस्तकाची पानं.)

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की, लेखकानं हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनं तसा अधिकार गायक-वादकांनाही दिला, आणि फाइलीतली हक्कांची माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून पुसणं हा गुन्हा ठरवला. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

(दृश्य: अंगणात जातं. हळदीच्या गाठी. बांगड्यांचा आवाज.)

आता माझ्या घरातली गोष्ट. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद दळताना आत्यानं ओवी म्हटली. कुणीतरी फोनवर टिपली, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पाहुण्यानं तीच मला पाठवली. सोबत लिहिलं होतं, “ऐका, जुन्या बायका काय गायच्या!” फाइलीचं नाव : एयूडी, मग तारीख, मग डब्ल्यूए ०००७. व्हॉट्सअ‍ॅप ऑडिओला असंच नाव देतं. मी ती आत्याला ऐकवली. तिनं आवाजाआधी जातं ओळखलं. “हे आपलंच. खुंटा ढिला आहे, बघ कसा कुरकुरतोय.”

अभंगाला मुद्रा आहे, जात्यावरच्या ओवीला नाही. ओवीत भाऊ येतो, माहेर येतं, विठ्ठल येतो. गाणारीचं नाव येत नाही. गरजच नव्हती, ऐकणारं सगळं घरातलंच होतं.

म्हणूनच पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामापुढे मी हात जोडतो. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या इंटरनेटवर येत आहेत. कुणीही ऐकाव्या. तिथे ओवीखाली गाणारीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. साध्या चार ओळी. पण त्या वाचताना आवाजाला चेहरा येतो.

(दृश्य: संगणकाचा पडदा, शेजारी खुर्चीवर आत्या.)

मी मूळ रेकॉर्डिंग शोधलं, त्याचं एमपीथ्री केलं. फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे रिकामे रकाने दिसतात. गायकाच्या जागी आत्याचं पूर्ण नाव लिहिलं, शेऱ्यात गाव आणि तारीख. फाइलीलाही नाव दिलं. पाठवताना ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे दिलेलं नाव तसंच राहतं.

आत्यानं चष्मा लावून पडद्यावरचं आपलं नाव वाचलं. बोट ठेवून, अक्षर अक्षर. मग म्हणाली, “हे खोटं झालं रे. ओवी माझ्या आईची. मी नुसती म्हटली.”

खाली आणखी एक रकाना होता, रचनाकाराचा. त्यात आजीचं नाव घातलं. आजीला सही येत नव्हती, ती अंगठा द्यायची. आत्यानं नावाची वेलांटी दुरुस्त करून घेतली, मगच सेव्ह करू दिलं.