सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबलेला आकडा

4 जुलै 1984. फ्लोरिडातलं डेटोना. नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेतली, एक शर्यत. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन स्वतः शर्यत बघायला आलेत. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या उरल्या असताना मागे एक गाडी आदळते. आता धोक्याचा पिवळा झेंडा लागणार, त्यानंतर कुणाला पुढे जाता येणार नाही, म्हणजे रेषेवर आधी पोचेल त्याचीच शर्यत. रिचर्ड पेटी आणि केल यारबरो, दाराला दार भिडवून सुसाट येतात. पेटी पुढे निघतो, जेमतेम मडगार्डभर.

हा त्याचा या मालिकेतला 200वा विजय. दोनच दिवसांपूर्वी त्याला सत्तेचाळीस पूर्ण झाली होती. त्यानंतर तो आणखी आठ मोसम धावला. गाडीवर तोच 43 आकडा, डोक्यावर तीच पिसं खोवलेली हॅट. पण 200चे 201 काही झाले नाहीत.

(दृश्य: गाडीच्या आतून दिसणारं वळण)

स्टॉक कार दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी. आत मात्र लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि दीड टनाच्या आसपास वजन. 500 मैलांची शर्यत म्हणजे 800 किलोमीटर, साधारण मुंबई ते नागपूर, तेही तीन-चार तासांत आणि चहूबाजूंनी गाड्या चिकटलेल्या असताना. आतलं तापमान पन्नास अंशांच्या वर जातं. पायाखालचा पत्रा असा तापतो की टाच भाजू नये म्हणून बुटाला वेगळं कवच लावावं लागतं.

क्रिकेटपटूनं पस्तिशी ओलांडली की आपल्याकडे निवृत्तीची कुजबुज सुरू होते. इथं त्याच वयात ड्रायव्हर कुठं रंगात येतो. कारण नवे टायर घालून गाडी पळवणारे पुष्कळ असतात. कसोटी लागते ती टायर झिजल्यावर. मागची चाकं सरकायला लागतात आणि ते डोळ्यांच्या आधी बैठकीला कळतं. मग रेडिओवर नेमकं सांगता आलं पाहिजे : वळणात शिरताना नाक वळत नाही, की बाहेर पडताना शेपूट सुटतंय? त्या एका वाक्यावर पिटमधला, म्हणजे गाडी थांबवून टायर बदलतात त्या जागेतला, माणूस मागच्या काचेतल्या भोकातून लांबलचक पाना घालतो आणि स्प्रिंगवरचा भार बदलतो. पान्याचा कधी अर्धा फेरा, कधी एक. वाक्य चुकलं तर पुढचे शंभर मैल वाया. हे कान आणि ही जीभ तयार व्हायला पंधरा-पंधरा वर्षं जातात.

हॅरी गँटचंच बघा. नॉर्थ कॅरोलिनातल्या टेलर्सव्हिलचा हा माणूस घरं बांधायचा. सर्वोच्च मालिकेतला पहिला विजय त्याला मिळाला बेचाळिसाव्या वर्षी. आणि सप्टेंबर 1991मध्ये, वय एक्कावन्न, त्यानं डार्लिंग्टन, रिचमंड, डोव्हर आणि मार्टिन्सव्हिल अशा लागोपाठ चार शर्यती मारल्या. मार्टिन्सव्हिलला धडकेत गाडीचं तोंड चेमटलं होतं. पत्रा सरळ करून, टेप लावून तो पुन्हा निघाला आणि एकेकाला मागे टाकत पहिला आला. पाचवी शर्यतही त्याच्याच हातात होती, पण शेवटी ब्रेकनं दगा दिला आणि डेल अर्नहार्ट पुढे निघून गेला. पुढच्या वर्षी बावन्नाव्या वर्षी मिशिगनला जिंकून गँट या मालिकेतला सर्वात वयस्कर विजेता ठरला.

मग पेटी 200वर का थांबला? त्याच्या गाड्या मागे पडल्या होत्या, हे खरंच आहे. विजयाच्या रकान्यात ड्रायव्हरबरोबर इंजिन, मेकॅनिक आणि पैसाही मोजला जातो. म्हणून नुसता तो रकाना बघून कुणाला म्हातारं ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

पण सगळं गाडीवर ढकलूनही भागत नाही. जिमी जॉन्सननं याच मालिकेचं सातवं विजेतेपद पटकावलं 2016मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी. जून 2017मध्ये डोव्हरला 83वा विजय, आणि मग अचानक सगळं आटलं. 2018, 2019, 2020, एकही नाही. दरम्यान क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या चमूचा प्रमुख, बदलला, गाडीचं मॉडेल बदललं. तरीही 2020चं विजेतेपद आलं ते त्याच्याच संघात, चोवीस वर्षांच्या चेस एलियटकडे.

उतार आधी दिसतो तो बारीकसारीक जागी, असं मला वाटतं. शर्यत सुरू करणारा हिरवा झेंडा पडताच दोन गाड्यांमधल्या फटीत पोरगा घुसतो. चाळिशीतल्या माणसाला ती फट तितकीच स्पष्ट दिसते, पण तिथून भिंतीवर आदळलं की काय होतं हे त्याच्या बरगड्यांना ठाऊक असतं. त्या क्षणभराच्या विचारात दोन जागा जातात. पूर्वी दोन दिवसांत उतरणारा ठणका आता पुढच्या रविवारपर्यंत पुरतो.

(दृश्य: अटलांटा, 15 नोव्हेंबर 1992)

पेटीची शेवटची शर्यत. त्याच दिवशी एकवीस वर्षांचा जेफ गॉर्डन या मालिकेत पहिल्यांदा उतरतोय. विजेतेपदाची आशा सहा जणांना आहे. त्यांत पेटीचा मुलगा काइल आहे आणि बावन्न वर्षांचा हॅरी गँटही.

शंभरावी फेरी यायच्या आतच पेटी अपघातात सापडतो, गाडीच्या नाकातून ज्वाळा निघतात. आग विझते. माणसं तासन्‌तास खपून ती गाडी उभी करतात. शर्यत संपायला दोन फेऱ्या असताना पंचावन्न वर्षांचा पेटी पुन्हा ट्रॅकवर येतो. पुढचा पत्रा गायब, इंजिन उघडं. तशाच गाडीतून तो शेवटची रेषा ओलांडतो.