'ए' हे अक्षर कोणाचे?

नमस्कार, श्रोतेहो. समलैंगिक, पारलिंगी अशा सर्वांच्या क्विअर समुदायासाठी 'एलजीबीटीक्यूआयए' ही इंग्रजी आद्याक्षरे वापरतात. त्यांतला शेवटचा 'ए' कोणी 'अ‍ॅलाय' म्हणजे हितचिंतकांचा मानतात, कोणी 'असेक्शुअल' म्हणजे अलैंगिकांचा.

'अलैंगिक' हा शब्द आपल्यापैकी अनेकांना प्रथम भेटतो तो शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात, अमीबाच्या प्रजननाच्या पाठात. त्यामुळे तो माणसासाठी वापरला की ऐकणारा क्षणभर गोंधळतो. ज्या व्यक्तीला कोणाहीविषयी लैंगिक आकर्षण वाटत नाही, किंवा अगदी क्वचित वाटते, ती अलैंगिक. ब्रह्मचर्य हे ठरवून घेतलेले व्रत असते. इथे व्रतही नाही आणि संयमही नाही. प्रेमाची, सोबतीची ओढ मात्र यांतल्या अनेकांना असते. ब्रिटनमधील १८ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीच्या आधारे अँथनी बोगार्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली हे प्रमाण सुमारे १ टक्का असल्याचे मांडले होते.

क्विअर समुदायातच कधी कधी विचारले जाते, की समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ने अलैंगिकांना गुन्हेगार ठरवले नव्हते, मग यांचे आपल्यात काय काम? या प्रश्नामागची जखम खरी आहे. हे संबंध गुन्हा नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवले; तोपर्यंत ज्यांनी पोलिसांच्या आणि खंडणीखोरांच्या भीतीत दिवस काढले, त्यांना तो सुचावा हे मी समजू शकते. तरीही दुःखाच्या अशा मोजणीवर कोणाची जागा ठरावी, हे मला मान्य नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढण्याचा निर्णय १९७३ साली घेतला. जी व्यक्ती स्वतःला अलैंगिक मानते, तिच्यावर कामेच्छेच्या अभावाच्या विकाराचा शिक्का मारू नये, हे त्याच संघटनेच्या निदानपुस्तिकेत यायला २०१३ साल उजाडले.

आपल्याकडचा कायदाही पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली समर घोष या घटस्फोटाच्या खटल्यात, घटस्फोटाला कारण ठरू शकणाऱ्या मानसिक क्रौर्याची उदाहरणे दिली, त्यांत शारीरिक असमर्थता किंवा सबळ कारण नसताना दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणे हेही आहे. नाकारल्या गेलेल्या जोडीदाराचे दुःख मी मुळीच कमी लेखत नाही. पण जिने लग्नाआधी धीर करून घरी सांगितले, आणि जिला 'लग्न झाले की सगळे आपोआप होईल' एवढेच उत्तर मिळाले, तिने कोणाकडे दाद मागावी? हेच वाक्य शेजारच्या घरातल्या समलैंगिक मुलालाही ऐकवले गेलेले असते.

म्हणूनच, 'एलजीबीटीक्यूआयए'मधला शेवटचा 'ए' हितचिंतकांचा आहे असे कोणी सांगितले, की मी तो अलैंगिकांचा म्हणून वाचते.