कुठला अँटीव्हायरस घ्यायचा, आणि मुळात घ्यायचा का

नमस्कार मंडळी. आजच्या कार्यक्रमासाठी तुम्ही जे प्रश्न आधी लिहून पाठवले होते ते मी सगळे वाचले आणि बहुतेकांचा सूर एकच आहे, की सर बाकीचं राहू द्या, घरच्या कॉम्प्युटरला कुठला अँटीव्हायरस टाकायचा ते नाव सांगा. तर नाव सुरुवातीलाच सांगतो. तुमच्याकडे विंडोज ११ असेल, ओरिजिनल असेल, अपडेट वेळच्या वेळी होत असेल, तर विंडोजबरोबर जो डिफेंडर फुकट येतो तोच चालू ठेवा, बाहेरून काही विकत आणायची गरज बहुतेक घरांना नाही. हे मी पैसे वाचवायचे म्हणून म्हणत नाहीये. का म्हणतोय ते आता नीट सांगतो, कारण काही घरं अशी आहेत जिथे माझं उत्तर बदलतं.

डिफेंडरबद्दल लोकांच्या मनात जुनी प्रतिमा आहे, की फुकटचं आहे म्हणजे काय कामाचं असणार. ती प्रतिमा एके काळी बरोबर होती. सुरुवातीला तो फक्त स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्राम शोधायचा, मग २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स काढलं, ते वेगळं डाउनलोड करावं लागायचं, आणि २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हा पहिल्यांदा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजच्या आतच बसला. तेव्हाच्या चाचण्यांमध्ये तो मागेच असायचा. पण गेली काही वर्षं तो वरच्या रांगेत येतोय.

आता चाचण्या म्हणजे कुणाच्या, तर दोन नावं लक्षात ठेवा. जर्मनीत माग्डेबुर्ग इथली एव्ही-टेस्ट, आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज. दोघांचे निकाल फुकट वाचता येतात. एव्ही-टेस्ट तीन गोष्टींना प्रत्येकी ६ गुण देते, संरक्षण किती, कॉम्प्युटर किती मंदावतो, आणि चांगल्या फाइलला उगाच व्हायरस म्हणतो का, असे एकूण १८. लोक फक्त पहिला आकडा बघतात पण मी तिसरा आधी बघतो, कारण जो अँटीव्हायरस रोज उठून खोटी आरोळी मारतो त्याचं खरं ओरडणंही मग घरातलं कुणी ऐकत नाही, सरळ बंद करून टाकतात. आणि एका महिन्याचा निकाल बघून नाव ठरवू नका, दीड-दोन वर्षांचे निकाल बघा, जो सातत्याने वर राहतो तो खरा.

ज्या घरांसाठी उत्तर बदलतं ती घरं इथे येतात. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या मालवेअर, म्हणजे व्हायरससारख्या घातक प्रोग्रामच्या टेस्टमध्ये एक रकाना असतो, इंटरनेट बंद असताना किती पकडलं याचा. डिफेंडर तिथे बऱ्याचदा कमी पडलेला दिसतो, कारण त्याची बरीचशी हुशारी क्लाऊडमधून, म्हणजे नेटवरून मायक्रोसॉफ्टच्या कॉम्प्युटरकडून येते. तर ज्यांच्या गावाकडच्या घरी नेट कधी असतं कधी नसतं, आणि पेनड्राइव्ह मात्र झेरॉक्सच्या दुकानात, शाळेत, कॉलेजात, ग्रामपंचायतीत सगळीकडे फिरून येतो, आणि मग उघडला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले असतात, तो शॉर्टकट व्हायरस तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी बघितला असेल, तर त्यांनी तो रकाना बघून दुसरा कुठलातरी चांगला अँटीव्हायरस घेतला तर मला ते योग्य वाटतं. आपल्याकडे क्विक हील आहे, पुण्याचाच, कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभा केलेला, मोठे भाऊ कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे तिथून ही कंपनी सुरू झाली आणि २०१६ ला शेअर बाजारात गेली. मला त्याचा अभिमान आहे. पण आपल्या गावचा म्हणून घेऊ नका, त्याचेही निकाल तसेच तपासून घ्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. अँटीव्हायरस तुमची प्रत्येक फाइल उघडून बघतो, कुठल्या साइटवर गेलात ते बघतो, विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो. म्हणजे घरातल्या तिजोरीपासून माळ्यापर्यंत सगळ्या किल्ल्या आपण एका माणसाच्या हातात देतोय. मग तो व्हायरस किती पकडतो एवढंच विचारून कसं चालेल, तो माणूस कसा आहे हे नको का विचारायला? अवास्टचं उदाहरण घ्या, फुकट होता, करोडो लोक वापरायचे. २०२० च्या जानेवारीत बाहेर आलं की वापरणाऱ्यांनी इंटरनेटवर काय काय बघितलं ती माहिती जंपशॉट नावाच्या त्यांच्याच कंपनीतून विकली जात होती. जंपशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. संरक्षणाचे गुण त्यांचे तेव्हाही चांगलेच होते! म्हणून फुकट अँटीव्हायरस दिसला की कंपनी पैसे कुठून कमावते हे आधी विचारा.

आणि गाभ्यात बसणं म्हणजे काय हे जगाने १९ जुलै २०२४ ला बघितलं. क्राउडस्ट्राइकचं एक अपडेट चुकलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. ते कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर होतं, घरचं नव्हे, पण अशा प्रकारच्या सॉफ्टवेअरच्या हातात किती ताकद असते ते कळतं. म्हणून एकावर एक दोन अँटीव्हायरस टाकायचे नाहीत, दोघं एकमेकांच्या कामात पाय घालतात आणि मशीन रडतं.

आता क्रॅकबद्दल, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून वापरलेल्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतो आणि इथे मला जरा कडक बोलावं लागेल. आपल्याकडे असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज कुणीतरी टाकून दिलेलं असतं, अॅक्टिव्हेटर चालवून, म्हणजे ते ओरिजिनल आहे असं भासवणारा प्रोग्राम. तो अॅक्टिव्हेटर डिफेंडर पकडतो, म्हणून टाकणारा आधी डिफेंडर बंद करतो किंवा एक्सक्लुजनच्या यादीत एखादं फोल्डर, कधीकधी अख्खा सी ड्राइव्हच घालून ठेवतो. म्हणजे इथे बघूच नकोस असं त्याला सांगून ठेवलंय. वर हिरवी टिकमार्क दिसत राहते आणि आत काय वाट्टेल ते चालतं. स्टॉप नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम, ज्याने घरगुती लोकांचे लग्नाचे फोटो, पोरांचे प्रोजेक्ट सगळं लॉक केलं, ते मुख्यतः अशाच क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून पसरलं. तर आज घरी गेलात की एवढं करा, विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्जला जा, खाली एक्सक्लुजन्स दिसेल. तुम्ही स्वतः काही घातलेलं नसेल तर ती यादी रिकामी पाहिजे. नसेल तर मी म्हणेन की डेटा बाहेर काढा आणि ओरिजिनल विंडोज नव्याने टाकून घ्या. त्याच पानावर टॅम्पर प्रोटेक्शन आहे, दुसऱ्या प्रोग्रामला डिफेंडर बंद करू न देणारं, ते चालू ठेवा.

फायरवॉलचं, म्हणजे नेटवरून कॉम्प्युटरमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यावर ठेवलेल्या राखणदाराचं, थोडक्यात आटोपतो कारण तिथे खरंच फार निवडायचं नाहीये. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस आला, नुसतं नेटला जोडलेलं मशीन, तुम्ही काही क्लिक केलेलं नाही, तरी ते पकडायचा आणि साठ सेकंदांत रीस्टार्ट करायचा. त्या अनुभवानंतर ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचं सर्व्हिस पॅक २ हे मोठं अपडेट आलं आणि विंडोजची फायरवॉल आपोआप चालू राहायला लागली. बाहेरून आगाऊपणे येणारं ती अडवते, आतून बाहेर जाणारं सहसा जाऊ देते. शिवाय घरात वायफायचा राउटर असतो, तोही बाहेरून न बोलावता आलेलं आत सोडत नाही. वेगळी फायरवॉल विकत घेतली तर ती प्रत्येक प्रोग्रामसाठी विचारत बसते, हो म्हणू का नाही, आणि तीन दिवसांत घरातले सगळे न वाचता हो म्हणायला लागतात, मग ती असून काय उपयोग? त्यापेक्षा राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदला, जो बसवून गेला त्याने ठेवलेला तसाच असतो. आणि स्टेशनवर, हॉटेलात वायफाय जोडताना विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क पब्लिक ठेवा, प्रायव्हेट नको.

अपडेट पुढे ढकलणाऱ्यांसाठी एकच उदाहरण. वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरलं, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ते ज्या भोकातून घुसलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी.

अँटीव्हायरसवर वर्षाला घालायचे पैसे असतील तर माझं ऐका, एक एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवू नका, कारण रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही लॉक करतं.

मघाशी एका ताईंनी विचारलं की बँकेतून बोलतोय सांगून एकाने आईला एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला लांबून आपलं मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर टाकायला लावलं, मग अँटीव्हायरस काय करत होता. ताई, एनीडेस्क हे चांगलं सॉफ्टवेअर आहे, परवानगी आईंनी स्वतः दिली, त्यामुळे अँटीव्हायरसला तिथे चोर दिसतच नाही. असं झालं तर आधी इंटरनेट बंद करायचं, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा आणि बँकेला कळवायचं, इथे एकेक मिनिट महत्त्वाचं असतं.

आणि काका, तुमचा प्रश्न राहिला, विंडोज १० चा. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरची व्हायरसची यादी मात्र २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत अपडेट होत राहणार आहे, त्यामुळे तुम्हाला सगळं ठीक दिसेल, पण खाली विंडोजमधलीच नवी भोकं बुजणार नाहीत. मायक्रोसॉफ्टचा जादा अपडेटचा एक वर्षाचा कार्यक्रम आहे, त्यात नाव नोंदवा. आणि मशीन ११ ला चालत नसेल, फक्त पेपर वाचायला, मेल बघायला, यूट्यूबवर भजनं ऐकायला वापरत असाल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून बघा, जुन्या मशीनवरही नीट चालतं. कुणाला टाकून हवं असेल तर पेनड्राइव्ह घेऊन मागे थांबा, मी अजून तासभर आहे.