सारा जेनेट डंकन : ब्रँटफर्ड ते सिमला

श्रोतेहो, नमस्कार. कॅनडाच्या आरंभीच्या कादंबरीकारांमध्ये सारा जेनेट डंकन यांचे नाव मानाने घेतले जाते. मात्र त्यांच्या लेखनकाळातील मोठा भाग कलकत्ता आणि सिमला येथे गेला, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ऐकिवात नसते.

ओंटॅरिओ प्रांतातील ब्रँटफर्ड गावी १८६१ साली एका व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षिकेचे प्रशिक्षण त्यांनी घेतले खरे, पण ओढा होता वृत्तपत्रांकडे. १८८४ च्या अखेरीस न्यू ऑर्लिन्स येथे कापसाचे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा ‘गार्थ’ हे पुरुषी टोपणनाव घेऊन त्यांनी तेथून वार्तापत्रे पाठवली. पुढे वॉशिंग्टनमध्ये वृत्तपत्रात उमेदवारी करून १८८६ मध्ये त्या टोरांटोच्या ‘ग्लोब’मध्ये दाखल झाल्या. दोनच वर्षांत माँट्रियलच्या ‘स्टार’साठी त्या ओटावाच्या संसदेचे वृत्तांत लिहू लागल्या. मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रीने संसदेचे कामकाज वाचकांना समजावून सांगावे, हा त्या काळाचा विरोधाभासच म्हणायचा.

१८८८ मध्ये लिली लुइस या सहकारी पत्रकार मैत्रिणीबरोबर त्या जगप्रवासाला निघाल्या आणि जपान, श्रीलंका करीत भारतात पोहोचल्या. कलकत्त्यात त्यांची गाठ इंडियन म्यूझियममधील कीटकशास्त्रज्ञ एव्हरार्ड कोट्स यांच्याशी पडली. त्यांच्याशीच विवाह करून त्या येथे स्थिरावल्या. नववधू म्हणून कलकत्त्यात आलेली इंग्रज मुलगी हळूहळू अस्सल मेमसाहेब कशी होते, याचे मिस्कील चित्र त्यांनी १८९३ च्या कादंबरीत रेखाटले. मात्र त्यांचा विनोद मेमसाहेबांना सोडत नसला, तरी भारतीय माणसांकडे पाहणारी नजर बरीचशी राज्यकर्त्यांचीच राहते, असे मला वाटते. क्षयामुळे डॉक्टरांच्या आज्ञेवरून सिमल्याच्या बागेत उघड्यावर काढलेल्या महिन्यांवरही त्यांनी पुस्तक लिहिले.

त्यांची सर्वांत कसदार कादंबरी ‘द इंपीरियलिस्ट’ १९०४ मध्ये आली. तिच्यातील एल्गिन हे गाव म्हणजे नाव बदललेले ब्रँटफर्डच. सुरुवातीलाच बाजारात आल्याची बिस्किटे विकणारी एक म्हातारी भेटते आणि मग राणीच्या वाढदिवसाची सुट्टी साजरी करायला चार पैसे हवेत म्हणून खटपट करणारी मुर्चिसन कुटुंबातील मुले. त्यांपैकीच लॉर्न मोठेपणी वकील होतो आणि निवडणुकीला उभा राहतो. पण ब्रिटिश साम्राज्यांतर्गत व्यापाराच्या कल्पनेने तो इतका भारावतो की, गावच्या मतदाराला आपल्या शेतमालाच्या आणि कारखान्याच्या भावाची चिंता आहे, याचा त्याला विसर पडतो. त्याचा पक्ष अखेर त्यालाच बाजूला सारतो. वार्ताहर म्हणून राजकारण जवळून पाहिलेल्या लेखिकेचा हात येथे स्पष्ट दिसतो.

डंकन यांचे १९२२ साली इंग्लंडमधील अ‍ॅशटेड येथे निधन झाले. प्रसिद्धीच्या वेळी थंडे स्वागत झालेली ही कादंबरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या विद्यापीठांमध्ये अभ्यासली जाऊ लागली.