सी३ गेलं कुठे?

पोरगं सकाळी उठलं तर तोंड सुजलेलं, डोळे धड उघडत नाहीत आणि लघवी एकदम कोऱ्या चहासारखी. आई सांगते, दोन आठवड्यांपूर्वी घसा धरला होता हो, बाकी काहीच नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र एक आकडा खाली गेलेला, सी३.

हे सी३ म्हणजे रक्तात जंतूंशी लढणाऱ्या कॉम्प्लिमेंट प्रोटीनच्या टोळीतलं मेन मेंबर, बनतं मुख्यतः लिव्हरमध्ये. टोळीचा पत्ता लागला तो १८९० च्या दशकात, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. तिथले शास्त्रज्ञ ज्यूल बोर्देंनी बघितलं की सिरम (गोठलेल्या रक्तातून वेगळं होणारं पाणी) ५६ डिग्रीला तापवलं की जंतू फोडायची ताकद जाते, पण त्यात थोडं ताजं सिरम घातलं की परत येते, म्हणजे अँटीबॉडी एकटी काही करत नाही, जोडीला कुणीतरी लागतंच. १९१९ चं नोबेल मिळालं त्यांना.

सी३ फुटलं की तुकडा जंतूला चिकटतो, पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, नाहीतर पुढे सी५ ते सी९ मिळून जंतूला भोकच पाडतात. गंमत अशी की सी३ कायम थोडंथोडं आपोआप फुटतच असतं आणि समोर जे येईल त्याला चिकटतं, आपलं परकं त्याला कळत नाही. आपल्या पेशींवर ब्रेक असतात म्हणून वाचतो आपण. किडनीच्या गाळणीतल्या पडद्याला मात्र स्वतःचा ब्रेक नाही, तो रक्तातल्या फॅक्टर एच नावाच्या ब्रेक लावणाऱ्या प्रोटीनच्या भरवशावर, आणि त्याच गाळणीतून दिवसाला १८० लिटर गाळलं जातं!

आपल्या पोराच्या गाळणीत घसा धरवणाऱ्या स्ट्रेप जंतूचा कचरा अडकला, टोळी त्याच्यावर तुटून पडली आणि सी३ तिथेच खर्च झालं. बहुतेक मुलांमध्ये ६ ते ८ आठवड्यांत ते भरून येतं, म्हणून टेस्ट परत करायची असते, पण पोरगं खेळायला लागलं की ते कोण लक्षात ठेवतंय. तेव्हाही कमीच असेल तर प्रकरण वेगळं, बायोप्सीचा (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचा) विचार होतो.

कधी कधी शरीर फॅक्टर एचवरच अँटीबॉडी बनवतं, म्हणजे ब्रेकच निकामी. अटिपिकल एचयूएस (रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि किडनी निकामी होते असा आजार) झालेल्या आपल्याकडच्या मुलांमध्ये हे बरंच सापडतं. मग प्लाझ्मा बदलायचा, जोडीला स्टिरॉइड वगैरे. सी५ अडवणारं एक्युलिझुमॅब हे औषध अमेरिकेत या आजारासाठी २०११ मध्ये मंजूर झालं, पण किंमत ऐकून माणूस खालीच बसतो. आणि ते घेणाऱ्याला मेनिन्गोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूची लस द्यावीच लागते, कारण त्या जंतूला भोक पाडणारी टोळीच आपण बंद केलेली असते.